ऑर्फा डंकलीचा शनिवार

कोरिन लव्हॉय आता स्वतःच हसत हसत कबूल करते, की पहिल्या वर्षी तिनं ऑर्फा डंकलीला साफ चुकीचं ओळखलं होतं. तिला वाटलं, ही बाई म्हणजे जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो!

वाटायला कारणही तसंच होतं. वेस्ट कॉर्बीत मार्चच्या पहिल्या मंगळवारी अख्खं गाव टाउन हॉलमध्ये बसतं आणि रस्ते, शाळा, वर्षाचा खर्च, सगळं हात वर करून ठरवतं. कोरिन अमेरिकेतल्या या व्हरमाँट राज्यात नवीन, सभेला पहिल्यांदाच आलेली. पुढच्या खुर्चीवरची सत्तरीची बाई उठली आणि बर्फ ढकलायचा नवा ट्रक कसा मुळीच नको, यावर तिनं दहा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. मग पुलापलीकडचा एक म्हातारा हळूच म्हणाला, की जानेवारीत त्याच्या बायकोसाठी आलेली ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटं बर्फात अडकून पडली होती. लगेच मत घेतलं, तर ट्रकच्या बाजूनं पहिला हात कुणाचा? त्याच बाईचा!

"हिला ना शेंडा ना बुडखा," कोरिन मनात म्हणाली.

आता ऑर्फा कोण, तर गावच्या शाळेची बस अडतीस वर्षं चालवलेली बाई. लग्न केलं नाही. "बसमध्ये रोज चाळीस पोरं, घरी आणखी एक मोठं कशाला?" असं म्हणायची. पण त्या बसमध्ये बसून तिला गावातल्या घराघरातलं राजकारण पाठ झालं होतं. निवडणुकीच्या वर्षी आठ-आठ वर्षांची पोरं राष्ट्राध्यक्षावरून भांडायची आणि तोंडात शब्द मात्र बापाचे, अगदी शिव्यांसकट! ऑर्फा आरशातून बघून ओरडायची, "ए, हे तुझ्या बापाचं झालं. तुझं काय ते सांग!" पोरांना स्वतःचं असं काही नसायचंच. मोठ्यांचं तरी कुठे असतं म्हणा.

तर गेल्या हिवाळ्यात ही कोरिन एक अर्ज घेऊन ऑर्फाच्या दारात उभी राहिली. कोरिन नर्स आहे, चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात बारा-बारा तासांची ड्युटी. पहिल्या वर्षानंतर पाच वर्षं तिला मंगळवारी सभेला येता आलं नव्हतं. म्हणून तिचं म्हणणं, सभाच नको. दिवसभर मतपेटी ठेवा, ज्याला जमेल तेव्हा येईल, चिठ्ठी टाकेल आणि जाईल.

ऑर्फानं चष्मा लावला, अर्ज वाचला आणि सही ठोकली.

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूच्या?" कोरिनचा विश्वासच बसेना.

"छे गं! मी जीव तोडून विरोध करणार. सात वर्षांची असल्यापासून जातेय मी त्या सभेला. ती बंद झाली तर मार्चमध्ये जगायचं कशाला?"

"मग सही?"

"विषय सभेत यायला सह्या लागतात ना? तुझं ऐकलं तर पाहिजे आधी."

कोरिनच्या डोक्यात काही शिरेना. ऑर्फानं तिला कॉफी दिली, वर समजावलं. "मत म्हणजे बर्फातले बूट, बाई. आत येताना दारात काढून ठेवायचे. जाताना पायात बसतील ते घालून जायचं."

"आणि दुसऱ्याचे घालून गेलात तर?"

"गेलेय की. दोनदा. चांगले ऊबदार होते."

मंगळवार उजाडला. कोरिननं कुणाची तरी मनधरणी करून ड्युटी बदलून घेतली होती. विषय पुकारला गेला, 'सभेचा दिवस किंवा मतदानाची रीत बदलावी का?' आणि ऑर्फा उठली. बोलली, आणि काय बोलली! पेटीला कान नसतात म्हणाली. ट्रकची गोष्ट काढली. "त्या दिवशी नुसती येऊन चिठ्ठी टाकली असती, तर 'नको' लिहून मोकळी झाले असते. आणि पुलापलीकडची बाई?" कोरिनला वाटलं, संपलं आपलं.

तरी ती उठली. भाषण-बिषण केलं नाही तिनं. फक्त तिच्या रस्त्यावरच्या नऊ घरांची नावं घेतली आणि आत्ता या घडीला कोण कुठे आहे ते सांगितलं. एक दूध गोळा करायच्या टँकरवर, दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात, एक लाकडाच्या गिरणीत. "यांचंही कुणी ऐकलेलं नाही," एवढं बोलून ती बसली.

ऑर्फाच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ लायमन. त्यानं कोपरानं ढोसलं, "उठ की! उत्तर दे तिला."

"उत्तर असतं तर दिलं नसतं का, मेल्या?"

मग ती उठली. "अध्यक्ष महोदय, मी अर्धी चुकले. ऐकणारे कान पाहिजेत हे खरं. पण कान कामावर गेलेत हेही खरं. माझी दुरुस्ती आहे. सभा राहू द्या, मंगळवार सोडा. त्याच्या आधीच्या शनिवारी घ्या."

कोरिन बघतच राहिली. एका आड एक शनिवार तिला सुट्टी असायची, आणि हॉस्पिटलात शनिवार बदलून घ्यायला माणसं मिळायची. मंगळवारी कुत्रंही विचारत नसे. पण पेटीसाठी तिनं बर्फातून दारोदार सह्या गोळा केल्या होत्या, त्यांचं काय? ती पुन्हा उठली आणि म्हणाली, "माझं अनुमोदन."

आवाजी मतानं काही कळेना, तेव्हा माणसं उभी करून मोजली. शनिवारच्या बाजूनं एकसष्ट, विरुद्ध चोपन्न. सभा वाचली!

कोरिन टाळ्या वाजवतेय तोवर लायमन ताडकन उभा. त्या हॉलमध्ये कुणी कुणाशी थेट बोलायचं नसतं, जे काय ते अध्यक्षांमार्फत, मग भाऊबहीण का असेनात.

"अध्यक्ष महोदय, माझ्या बहिणीला विचारा, शनिवारी मी तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरायला जातो, हे तिला साठ वर्षं माहीत नाही का?"

"अध्यक्ष महोदय, माझ्या भावाला सांगा, मासे रविवारीही तिथेच असतात."

"रविवारी मी चर्चला जातो, म्हणावं!"

हॉलमध्ये खसखस पिकली. ऑर्फानं सावकाश मान वळवून मागच्या रांगेतल्या पास्टरबाईंकडे बघितलं. "अध्यक्ष महोदय, आपल्यामार्फत पास्टरबाईंना एक प्रश्न. माझे बंधू चर्चला शेवटचे कधी दिसले?"

पास्टरबाई बिचाऱ्या लाल झाल्या. खोटं बोलायची सोय नाही. "ते... छप्पर गळत होतं ना, तेव्हा," त्या म्हणाल्या. "शिडी परत न्यायला आले होते."

लायमननं टोपी डोक्यावर चढवली आणि खाली बसला. "रविवार तर रविवार," तो पुटपुटला.

"मोठ्यानं, लायमन," ऑर्फा म्हणाली. "अध्यक्षांमार्फत."