सुनेचा माऊस मी पसंत केला

माझ्यामुळं एका माणसाची विहीर त्याच्या भावाच्या रानात गेली. त्या माणसाला मी ओळखत नाही, त्याचं गाव मला माहीत नाही आणि त्याच्या विहिरीला मी हातही लावलेला नाही. मी फक्त आमच्या सुनेसाठी कॉम्प्युटरचा माऊस आणला.

आमची सून शुभांगी घरात बसून नकाशाचं काम करते. जमिनीचे जुने, पिवळे पडलेले नकाशे पडद्यावर येतात आणि हिनं माऊस धरून बांधाबांधानं रेघ गिरवत न्यायची. सकाळी नऊला बसली की संध्याकाळपर्यंत रेघाच रेघा. (आमच्या भावकीनं तीन पिढ्या भांडून जेवढे बांध कोरले नसतील, तेवढे ही जेवणाच्या आधी कोरते.) हे काम तिनं स्वतः परीक्षा देऊन मिळवलेलं, त्यामुळं तिचा त्यावर फार जीव. पण लॅपटॉपबरोबर फुकट आलेला माऊस चपटा आणि बारका. त्यावर तळवा टेकत नव्हता. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून दाबून इतकं दुखायला लागलं की डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, "हाताला बसेल असा माऊस घ्या."

आमचा दीपक म्हणाला, "मी ऑनलाईन मागवतो."

"हातात धरायची वस्तू हात न लावता मागवतोस? मी जातो."

"आबा, तुम्हाला माऊसमधलं काय कळतंय?"

माऊसमधलं मला काही कळत नाही, कबूल. पण बिद्रीच्या साखर कारखान्याकडं चाळीस हंगाम मी ऊसतोड्यांच्या कोयत्याला मुठी बसवल्यात. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण मूठ या विषयात माझ्याएवढा शिकलेला माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. माणसाच्या हाताकडं नुसतं बघितलं की त्याला कसली मूठ लागणार ते मी सांगतो. हे मी दीपकला सांगितलं. तो बूट घालायला लागला. (त्याला पटलं असं मला वाटलं.)

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. गल्ल्यावर एक तरणा माणूस होता.

"वायर नसलेला माऊस दाखवा. दिवसभर चालवायचा हाय. सुनंचा हात दुखतोय."

"ताईंना घेऊन यायचं की आजोबा. त्यांचा हात ठेवून बघितला असता."

"हाताचं तू मला सांगू नको. काढ."

त्यानं अकरा माऊस काढले. मी स्टूल ओढून बसलो आणि डोळे मिटून एकेक धरायला लागलो. पहिला साबणाच्या वडीसारखा. "ह्यानं काम करायचं का आंघूळ?" दुसरा लई हलका. तिसऱ्याचा आवाज टकटक. चौथा उचलून हवेत दोनदा फिरवला, तसा दुकानदार पुढं वाकून म्हणाला, "आजोबा, ह्यो सरकवायचा असतोय. ह्यानं तोडायचं काय न्हाय."

मागं गिऱ्हाइकांची रांग लागली. एक म्हणाला, "पावणं, लगीन ठरवायला आलाय का?" मी लक्ष दिलं नाही. शेवटी एक सापडला. उभट, पाहुण्याशी हात मिळवावा तसा धरायचा. अंगठ्याला खोबण. तळवा टेकला की मनगट आपोआप सरळ. बटणाचा आवाज नाही, आणि सेल बदलायची भानगड नाही, मोबाईलसारखा चार्ज करायचा. मी मूठ घडवली असती तर अशीच घडवली असती!

"ह्यो उजव्या हाताचाच येतोय बरं का," दुकानदार म्हणाला.

"मग? डाव्या हातानं कोण रेघा वडतंय?"

घरी आणला. शुभांगीनं बघितला, दोन्ही हातांत उलटसुलट फिरवला, मग म्हणाली, "चांगला हाय, आबा." मला वाटलं, पोरगी भारावली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत आहे. नवी मूठ बसवली की पहिला ऊस तुटताना सुतारानं समोर उभं राहायचं. मूठ कुठं घासते, हात कुठं अडतो, ते त्याच वेळी कळतं. ती रीत मी मोडणार नव्हतो. एरवी मला माझ्या कॉटवरनं तिची नुसती पाठ दिसायची. आता खुर्ची उचलली आणि तिच्या टेबलाला चिकटून बसलो. नऊ ते सहा.

"आबा, पडा की जरा."

"मी हाय. तू रेघ बघ."

पहिल्या दिवशी रेघ थरथरली. मी म्हटलं, नवं आहे. दुसऱ्या दिवशी एक बांध ओढ्यात उतरला. "अंगठा खोबणीत घाल," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी एक पाणंदीची वाट दोन वावरं ओलांडून देवळात शिरली. "खांदा सैल सोड." तिला घाम फुटलेला, मी फॅन वाढवला. आठव्या दिवशी ती विहीर गेली.

ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. सगळं ऐकू येत होतं. तीन नकाशे परत आलेत, तुमचं काम असं कधी नव्हतं, सोमवारपर्यंत नीट करून दिलं नाही तर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. शुभांगीनं "हो मॅडम" म्हणून फोन ठेवला आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. तोंड एवढा वेळ कुणी धूत नाही.

मला राग आला. दुकानदाराचा! खराब माल गळ्यात मारला म्हणून माऊस खिशात घातला आणि तडक दुकान गाठलं. त्यानं तो आपल्या कॉम्प्युटरला जोडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

"माऊसला काय झालेलं न्हाय, आजोबा. हात कुणाचा हाय?"

असला अपमान चाळीस हंगामांत झाला नव्हता. माऊस उचलून रिक्षा केली आणि घरी आलो. दार उघडंच होतं. एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली.

शुभांगी तो जुना चपटा माऊस घेऊन बसली होती. डाव्या हातात. रेघ पाटाला सोडलेल्या पाण्यासारखी पळत होती. चाहूल लागली तसा तिनं झटकन हात बदलला.

"हे काय गं?"

"काय न्हाय, आबा."

आतनं आमच्या मंडळींचा आवाज आला, "डावरी हाय ती. जन्मापासनं."

मी एका चपलेनं तसाच आत गेलो. "ह्या घरात येऊन सहा वर्सं झाली. मला कसं दिसलं न्हाय?"

"तुमच्या म्होरं उजव्या हातानं करत्या. हिला बघायला गेलतो तवा तुमी काय बोललासा, आठवतंय? आदल्या पोरीनं डाव्या हातानं चहा दिला म्हणून उठून आलो, असं चारचौघांत सांगितलासा. ही पडद्यामागं ट्रे घेऊन उभी हुती. तिथंच हात बदलला तिनं."

"मग तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. भाकरी थापताना."

"दीपकला?"

"नवरा हाय तिचा."

शेजारच्या काकूंना माहीत होतं. दूध घालणाऱ्याला माहीत होतं, कारण ती पातेलं डाव्या हातानं धरायची.

"आणि पंधरा दिस तिच्या हाताला पट्टा हाय, तो कुठल्या हाताला हाय?" मंडळींनी विचारलं.

पट्टा मी रोज बघत होतो. डाव्या हाताला होता. डॉक्टरनं चुकीच्या हाताला बांधला असं मला वाटलं होतं, आणि हल्लीच्या डॉक्टरांची ही गोष्ट मी बागेतल्या कट्ट्यावर चौघांना सांगितलीही होती.

दुसऱ्या दिवशी शुभांगीला घेऊन दुकानात गेलो. स्टुलावर ती बसली, मी दाराशी उभा राहिलो. तिनं डाव्या हातानं तीन माऊस सरकवून बघितले आणि दोन्ही बाजूंनी सारखा, पाठीला फुगीर, तळवा भरून टेकेल असा एक बाजूला काढला. पाच मिनिटं लागली. दुकानदार म्हणाला, "आजोबा, तुमी एकदा धरून बघा की."

"मला इचारू नका," मी म्हटलं.

सोमवारच्या आत विहीर धन्याकडं परत गेली. पाणंद देवळातनं बाहेर आली. मॅडमनी नकाशे पास केले. शुभांगी आता माझ्यासमोर डाव्या हातानं काम करते, आणि काल चहाही डाव्या हातानं दिला. चांगला झाला होता.

तो कप हातात घेऊनच मी आमच्या मंडळींना सहज विचारलं, "ह्या घरातलं आनि काय मला ठावं न्हाय?"

तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, समोर पाट घेऊन बसली आणि आमच्या लग्नाच्या दिवसापासनं सुरुवात केली. कालपासनं सांगतीय. अजून वरात घरापर्यंत पोचलेली नाही.