ठाण्याचा लाकडी बैल

आता तुमच्यापासून काय लपवू! जी गोष्ट पोलिसांना वर्षभर कळली नव्हती, ती मी स्वतः ठाण्यात जाऊन सांगून आलो. कोणी मारलं नाही, दरडावलं नाही. उलट चहा पाजला!

मी सुतार. शाळा आठवीतच सुटली. पण आमच्या सिंदी-सेलूच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं जे लाकडी बैल ओढत नेतात ना, त्यातले बरेच माझ्या हातचे.

पोळ्याच्या आधी डोंगरे जमादारांनी दारात गाडी थांबवली. "गजू, ठाण्यात येजो. साहेबाले तुह्या बैलाबद्दल विचारायचं हाये."

बैलाबद्दल म्हणजे लाकडाबद्दलच! मागच्या वर्षी वादळात ठाण्यातल्या कडुनिंबाची फांदी मोडून कुंपणाबाहेर पडली होती. ती मी गुपचूप उचलली आणि तिचा मोठा बैल केला होता.

"काऊन रे, काय करून ठेवलं?" माय म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिनं पिशवीत चादर आणि चार भाकरी भरल्या. जेलात जाणाऱ्याला आणखी काय लागतं?

साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला. आधी चहा, मग फटके, असं मी समजलो.

"मागच्या वर्षीचा मोठा बैल तूच केला ना?"

"हो साहेब."

"लाकूड कोणतं होतं?"

संपलं! मी उठून हातच जोडले. "साहेब, तुमच्याच कडुनिंबाचं! पडली होती फांदी, मी नेली. पण शिंगं घरच्या सागाची हायेत, देवाशप्पथ!"

साहेबांनी जमादारांकडे पाहिलं, जमादारांनी खिडकीतून कडुनिंबाकडे.

"अबे, लेकरं ठाण्याले भेतात," जमादार म्हणाले. "म्हणून यंदा ठाण्याचाही बैल पोळ्यात न्यायचा हाये. तसाच पाहिजे, म्हणून साहेब लाकूड विचारून राह्यले! अन् पिशवीत काय हाये?"

"चादर... मुक्कामाची."

साहेबांना हसू आवरेना. "लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवावा, पण इतका?"

भाकरी तिघांनी मिळून खाल्ल्या. बैलही झाला. पोळ्यापासून तो ठाण्याच्या ओसरीत उभा आहे आणि लेकरं त्याच्यावर बसायला बिनधास्त आत शिरतात. मी मात्र अजून फाटकापाशीच थांबतो.

परवा जमादार आतून ओरडले, "ये ना बे गजू! लेकरायची भीती बैलानं काढली, तुही भीती काढाले का हत्ती आणू?"