नवरोबा ग्रीझ फियॉर्डला

उलायुकच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या रेझोल्यूटचा विमानतळ म्हणजे एक खोली आणि समोर खडीची धावपट्टी. तिचा भाचा एनुकी तिथं सामान चढवायचा. तिनं त्याला पुन्हा अडवलं.

"ग्रीझ फियॉर्ड किती लांब रे?"

"मावशी, चारशे किलोमीटरला जरा कमी. दीड तास."

"मग आमची आर्नाक तिकडून का म्हणते, एकला निघालीस की साडेतीनला उतरशील?"

"तिकडचं घड्याळ तासभर पुढं असतं."

"आणि परत यायला?"

"घड्याळात बघशील तर अर्धा तास."

"मेल्या, म्हातारीची थट्टा करतोस? जायला अडीच, यायला अर्धा! येतानाचं आभाळ काय उतरणीचं आहे? तुझे काका कुत्र्यांच्या गाडीनं जायचे, तेव्हा जितके मुक्काम जाताना, तितकेच येताना पडायचे."

एनुकीनं कपाळाला हात लावला.

काका, म्हणजे तिचा नवरा कौताक, मागच्या शरदात गेला. हिवाळ्यात ग्रीझ फियॉर्डला लेकीला, आर्नाकला मुलगी झाली आणि तिला त्याचं नाव दिलं. नाव आलं म्हणजे गेलेला माणूस परत आला, यावर तिथं कुणी वाद घालत नाही. पण पोरगी सारखी रडे. नर्सला काही सापडेना. आर्नाकचा फोन आला, "आई, बाबा दूधसुद्धा घेत नाहीयेत गं. त्यांना तूच हवीस. लवकर ये!"

विमान उडालं. मांडीवर गोठवलेला मासा घेऊन उलायुक बसून राहिली. खिडकीबाहेर सगळं पांढरं. विमान खाली गेलं, घरघरत पुन्हा वर आलं, मग कितीतरी वेळानं टेकलं एकदाचं. ती लगबगीनं उतरून आत शिरली, तर समोर एनुकी!

"तू इथं कसा आलास?"

"मी इथंच आहे, मावशी. तिकडं धुकं होतं. उतरता आलं नाही, परत आणलं तुम्हा सगळ्यांना."

"म्हणजे एवढं उडून पोचले कुठं, तर तुझ्या थोबाडापुढं?"

ती बाकावर बसली आणि मग तिला भीतीच वाटायला लागली. माणूस एकदा गेलेला परत आलाय, आणि आपण गेलो नाही म्हणून पुन्हा गेला तर? दुसऱ्या दिवशीही धुकं. मग एका दुपारी विमान ग्रीझ फियॉर्डला उतरलं. घड्याळात किती वाजले, ते तिनं पाहिलंच नाही.

पोर लालबुंद होऊन किंचाळत होती. उलायुक मनात जुळवलेलं सगळं विसरली. कौताक शिकारीहून उशिरा आला की दारातच म्हणायचा, "धुकं होतं." तिनं जन्मात एकदाही ते खरं मानलं नव्हतं. पाठ फिरवायची, चहासुद्धा द्यायची नाही.

"अहो," ती म्हणाली, "धुकं होतं हो. खरंच सांगते."

पोरीनं तिच्याकडं पाहिलं आणि दुप्पट जोरानं भोकाड पसरलं.

"नाही ना पटत? मलाही नाही पटायचं. चुकलंच माझं!" असं म्हणून उलायुक तिला छातीशी धरून एवढ्या मोठ्यानं रडायला लागली, की पोर दचकून गप्पच झाली. आर्नाकनं घाईघाईनं पोरीला पदराखाली घ्यावं तसं अंगरख्यात घेतलं.



"पितायत, आई," आर्नाक म्हणाली.