उरवलेलं औषध

आईच्या माकुणसारच्या घरी फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली कायम असायची. लाली गेली की थेंब बंद, उरलेलं पुढच्याला. डोळे आले की अख्खी आळी ती बाटली मागायला यायची. मी बोईसरहून गेले की चिडवायचे, "बाटली हाय की द्रौपदीची थाळी?" आई म्हणायची, "हस तू. चांगलं औषध काय टाकून द्यायचं?"

यंदा वर बघत चिकू उतरवताना काटकी तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तिने तीच बाटली काढली. ठणका वाढला, बुबुळावर पांढरा ठिपका आला, तरी मला कळवलं नाही. कळल्यावर मी इतकी भडकले, की पालघरला पोचेपर्यंत रिक्षात तिच्याशी बोललेच नाही.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळावरचं थोडं खरवडून तपासायला पाठवलं. जंतू नेहमीच्या थेंबांना दादच देत नव्हते. "अर्धवट औषध घेऊन सोडलं की चिवट तेवढे मागे उरतात आणि तेच वाढतात," त्या म्हणाल्या. ते कुणाच्या डोळ्यात चिवट झाले, ते काही सांगता येत नव्हतं. लागू पडेल असं एकच औषध उरलं होतं. ते दर तासाला घालायचं, नाहीतर डोळा जाईल, असं त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं.

मी तिला बोईसरला माझ्याकडे आणलं. दिवसा मी कामावर, तेव्हा थेंब ती स्वतःच घालायची; रात्रीही मला उठू द्यायची नाही. पुन्हा दाखवायला गेलो तर ठिपका पसरलेला. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या.

घरी येऊन दूध काढायला फ्रिज उघडला, तर दारात पिशवीत गुंडाळलेली नव्या औषधाची बाटली. एव्हाना संपत यायला हवी होती, ती अर्ध्याहून जास्त भरलेली.

"आई, हे काय?"

"थोडं कमी घातलं गो. दुसरं कुठलं चालत नाय म्हनाली ना ती? मग उद्या पोरीला काय झालं तर?"

पोर म्हणजे माझी लेक. ती आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

मला आईचा संताप आला आणि रडूही आलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पापणी वर उचलली. बुबुळ दुधाळ झालं होतं.

थेंब पडला तशी ती कळवळली. मग दुसऱ्या डोळ्याने बाटलीकडे बघत म्हणाली, "सगळं नको गो संपवू."