चंद्रहास बेंद्रेंचे नऊ किलो

मेलबर्नजवळच्या वेरिबीत चंद्रहास बेंद्रेंकडे गाडी शिकलेली दीडेकशे माणसं तरी असतील. शिकाऊ माणसावर ते कधी आवाज चढवत नसत. कुणी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी शांतपणे म्हणत, "होतं असं. परत करू."

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये त्यांचे क्लास बंद पडले. घराबाहेर पडायला तासाभराची आणि पाच किलोमीटरची मुभा होती, ती त्यांनी चालण्यात सत्कारणी लावली. नऊ किलो उतरले. मराठी मंडळाने झूमवर त्यांचं 'शिस्त' या विषयावर व्याख्यान ठेवलं. त्यात ते म्हणाले, "ज्याला जमत नाही, त्याला करायचंच नसतं."

मग लॉकडाऊन उठला. दिवाळी आली, पाठोपाठ ख्रिसमसची सुट्टी आली, आणि सहा महिने न भेटलेल्या प्रत्येकाने त्यांना जेवायला बोलावलं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी वजनकाट्यावर नऊचे नऊ किलो परत हजर.

"बेशरम," ते आरशाला म्हणाले.

पत्नी देवयानी दात घासत होती. "कोण?"

"मीच. आज बारा किलोमीटर. आणि नाश्ता बंद."

"शिक्षा कुणी सुनावली?"

व्याख्यान ऐकलेल्या कुणी ओळखू नये म्हणून मास्क, गॉगल आणि कानांवर येणारी टोपी असा जामानिमा करून ते नदीकाठी निघाले. सातव्या किलोमीटरला टाचेला फोड आला, आठव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि ते रस्त्यालगतच्या बाकावर बसले ते उठेचनात.

तेवढ्यात एल-प्लेट लावलेली एक जुनी गाडी फुटपाथवर एक चाक चढवून थांबली. आतून चित्रलेखाताई उतरल्या. वय बावन्न, टेस्टमध्ये तीनदा नापास, बेंद्रेंच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान माधवराव दाराची मूठ घट्ट धरून बसले होते.

"सर, तुम्हीच ना? असे काय बसलात?"

सोंग फुकट गेलं होतं. बेंद्रेंनी सगळं सांगून टाकलं; काट्याचं, बाराचं, उपाशी पोटाचंसुद्धा.

"चला, मी सोडते घरी," ताई म्हणाल्या. माधवराव एका क्षणात मागच्या सीटवर गेले.

काचा खाली करून गाडी निघाली. पहिल्याच राउंडअबाउटच्या गोल चौकात ती बंद पडली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. ताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "मला नाहीच जमणार. मी मठ्ठच आहे."

"असं बोलायचं नाही," बेंद्रे सवयीने म्हणाले. "गाडी बंद पडली म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं का? क्लच दाबा. श्वास घ्या. पहिला गिअर. फक्त हा चौक ओलांडायचाय, मेलबर्न नाही."

गाडी सुरू झाली. चौक ओलांडल्यावर ताई म्हणाल्या, "सर, स्वतःला असं का नाही शिकवत?"

"शिकवणारा कडक लागतो ताई."

"मग मला तसे का नाही शिकवत?"

मागून माधवराव म्हणाले, "तसं शिकवलं असतंत, तर हिने पहिल्याच दिवशी सोडलं असतं."

घरी देवयानीने टाचेला पट्टी लावली आणि उपम्याची बशी पुढे ठेवली. त्यांनी ती निमूटपणे संपवली. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंतच गेले. परत येताना स्वतःला शिव्या द्यायची उबळ आली, तेव्हा हळूच पुटपुटले, "होतं असं." शेजारच्या कुत्र्याने कान टवकारले.

संक्रांतीच्या झूमवर मंडळाने त्यांना पुन्हा शिस्तीवर बोलायला सांगितलं. बेंद्रेंनी घसा खाकरला. "मागच्या वेळी मी जरा चुकीचं बोललो. माझे नऊ किलो परत आलेत. सध्या दीड किलोमीटर चालतो. कधी एकच."

पडद्यावरचे बावीस चेहरे कॅमेऱ्याजवळ सरकले. मग सेक्रेटरी निनादने स्वतःला अनम्यूट केलं.

"माझे सात," तो म्हणाला.

"साडेपाच," कुणीतरी बोललं. त्यानंतर झूमवर एकच गलका झाला, आणि व्याख्यान तिथेच राहिलं.