साहेबरावांची कंटिन्युअल नोकरी

सोनकांबळे साहेबराव ग्यानोबा. पुरुष. धर्म बौद्ध. वय चौतीस. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाकाचा घट्टा. हुद्दा: हजेरी कारकून, रोजंदारी. सेवा: खंडित.

बहात्तरच्या दुष्काळात उदगीरकडं खडी फोडायची कामं निघाली, तेव्हा साहेबराव नांदेडला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय इंग्रजी. कॉलेज सुटलं, मजुरांची हजेरी घेणं हाती आलं. दुष्काळ हटला, कामं चालूच राहिली. एकोणनव्वद दिवस भरले की त्यांना कागदावर एका दिवसासाठी कामावरून काढत आणि पुन्हा नव्यानं घेत. याला ब्रेक म्हणत. सलग दिवस भरले तर माणूस कायम व्हायला बघतो, ही वरच्यांना धास्ती.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीला माणसं हवी होती. दहा वर्षं सलग काम केलेल्यांना कायम करायचं ठरलं. वयाची अट पस्तीस. साहेबरावांना ही शेवटची संधी. रोजंदारीवरच्या बाकी सोळा जणांनी बसस्टँडसमोरच्या टायपिस्टाकडून एकच मजकूर मारून घेतला: ‘कंटिन्युअस सर्व्हिस’. साहेबराव मात्र डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले.

“त्येंच्यावानी लिवा की,” बायको चांगुणाबाई म्हणाल्या.

“न्हाई गं. कंटिन्युअस म्हंजे मधी फटच न्हाई. दुष्काळ तसा व्हता. कंटिन्युअल म्हंजे थांबतंय, पुन्हा चालू व्हतंय. आपल्या नळासारखं. मला ब्रेक हायेत. मी कंटिन्युअल.”

“बघा हां. त्या फटीतनं नोकरी पडंल.”

यादी लागली. नावं सोळा. अव्वल कारकून शेषेरावांनी अर्ज काढून दाखवला. एका शब्दाखाली लाल रेघ.

“ह्यो शब्द मलाबी ठाव नव्हता. साहेबांनी डिक्शनरी मागवली, पैल्यांदाच.”

“ब्रेक तर समद्यायलाच हायेत, रावसाहेब,” साहेबराव म्हणाले.

“हायेत की. पन लेखी कोन देतंय? त्या सोळांतल्या भुजंगला आपल्या अर्जात काय लिवलंय तेबी म्हाईत न्हाई. आज परमनंट हाय. तुमच्या लोकायला शिकायची लई घाई.”

“शब्द बरोबर हाय माझा.”

“म्हनून तर.”

फायलीवर शेरा पडला: ‘अर्जदाराच्या स्वतःच्या कथनानुसार सेवा खंडित. दावा निकाली.’ चार महिन्यांनी साहेबरावांना पस्तीस पुरी झाली.

ब्रेकच्या दिवशीही मजूर यायचे, खडी फोडायचे, आणि हजेरी घ्यायला दुसरं कुणी नसायचं. त्या ब्रेकच्या दिवसांचे एकोणचाळीस हजेरीपट दप्तरात आहेत. सह्या दुसऱ्यांच्या आहेत. अक्षर साहेबरावांचं आहे.