मी काही मागायला आलो नाही

बेल वाजवायची, वाजवल्या वाजवल्या मागे सरकत फाटकापर्यंत जायचं, डोक्यावरची चपटी टोपी काढून छातीशी धरायची आणि दार उघडलं की म्हणायचं, "मी काही मागायला आलो नाही."

काकांची ही पद्धत. आता तुम्हीच सांगा, दारात येऊन कुणी असं म्हणालं तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येईल? माझ्याही मनात तेच आलं.

काका म्हणजे आमच्या गावाचे महापौर. गाव आयर्लंडमधलं, नदीकाठचं, एका मोठ्या रस्त्याचं. माझं कॉलेज तिथे होतं. पण २०२० च्या त्या शरद ऋतूत मी पोचले तेव्हा सगळे वर्ग घरातच भरत होते. काकांचं नाव लिहीत नाही. नाही तरी तिथे मराठी महापौर एकच होते. इचलकरंजीचे इंजिनियर. हृदयासाठी नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आले, पुढे साच्यांचा स्वतःचा धंदा काढला, तो चांगला चालवून विकला आणि मग घरापुढचं गटार तुंबलं. तक्रारीला कुणी दाद देईना, म्हणून निवडणुकीला उभे राहिले. हे त्यांनीच सांगितलेलं. मला ते फारसं खरं वाटलं नव्हतं.

मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते त्या ब्रीडाबाईंनाही वाटत नव्हतं. काका आले की त्या पडद्याच्या फटीतून बघत. "युअर मॅन आलाय. काहीतरी हवंय त्याला." तिकडे नाव न घेता कुणाबद्दलही बोलायचं तर 'युअर मॅन' म्हणतात. ब्रीडाबाईंच्या तोंडी मात्र तो शब्द संशयाच्या भिंगातून बघितल्यासारखा यायचा.

गावात मराठी मुलगी आल्याचं कुठून तरी कळून पहिल्यांदा आले तेव्हा काकांनी फाटकाशी तूरडाळ, तांदूळ आणि गोडा मसाला ठेवला. करोनामुळे आमच्यावर घरापासून ठरावीक अंतरापलीकडे न जाण्याचं बंधन होतं आणि आपल्याकडचं सामान मिळणारं दुकान त्या हद्दीबाहेर. त्यांनी मोबाइल काढून एक फोटो घेतला आणि गेले. झालं. माझ्या वडिलांचं मनमाड रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. निघताना वडिलांनी एवढंच बजावलं होतं, "कुणी फुकट काही दिलं तर आधी विचार, त्याचं काय काम आहे." त्यातच मला कळलं की इथल्या स्थानिक निवडणुकीत परदेशी विद्यार्थ्यांनाही मत असतं. मी रोज काकांचं फेसबुक पान उघडून बघू लागले. गरीब भारतीय मुलीला महापौरांची मदत, असं काहीतरी येणार याची मला खात्री होती.

आठवडाभराने फोटो आला. आमच्या फाटकाजवळच्या तुंबलेल्या जाळीचा होता. त्यात मी नव्हते. कोपऱ्यात डाळीच्या पिशवीचा एक कान तेवढा दिसत होता.

तरी शंका जाईना. तिला खतपाणी घालायला मयती होत्या.

त्या देशात स्थानिक रेडिओवर रोज सकाळी निधनाच्या बातम्या वाचतात. काका त्या चहाबरोबर ऐकत. एरवी तिथे अख्खं गाव मयताला लोटतं, पण त्या वर्षी चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी होती. म्हणून लोक रस्त्याच्या कडेने अंतर ठेवून उभे राहत. शववाहिनी हळूहळू त्यांच्यामधून जाई. त्या रांगेत काका नाहीत असं कधी झालं नाही. पाऊस असो, वारा असो, टोपी छातीशी.

आमच्या आजोबांच्या दहाव्याला आमचा नगरसेवक आला होता. हात जोडले, डोळे पुसले आणि निघताना वडिलांना हळूच विचारलं, "घरात मतं किती?" तेव्हापासून मयताला वेळेवर येणाऱ्या पुढाऱ्याची मला धास्तीच आहे. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, आज गेले त्यांना तुम्ही ओळखत होता?"

"नाही. त्यांच्या दारातलं गटार ओळखत होतो."

मला हसावं की नाही ते कळेना.

खरी गोष्ट ब्रीडाबाईंनी सांगितली. काका गावात नवे होते तेव्हा शेजारचे म्हातारे वारले. शववाहिनी माणसाच्या चालीने निघालेली, दोन्ही बाजूंना गाव उभं. काकांना बड्या गिऱ्हाइकाची भेट गाठायची होती. इथली रीत ठाऊक नव्हती. त्यांनी हॉर्न वाजवला आणि शववाहिनीला ओव्हरटेक करून निघून गेले.

"हॉर्न वाजवला," ब्रीडाबाई म्हणाल्या. "आता महापौर झालाय. ग्रँड, ठीक आहे. पण गाव विसरलेलं नाही."

तिथे महापौर नगरसेवकांनी आपसात ठरवून वर्षापुरता निवडायचा असतो. अधिकार थोडे, गळ्यातली साखळी मोठी. सभा झूमवर भरत तरी काका ती साखळी घालूनच बसत. एकदा ती त्यांनी माझ्यासमोर, फाटकाशी उभं राहून, फोनवर आईला दाखवली. आई इचलकरंजीत, नव्वदीला टेकलेल्या.

"आरं, सोन्याची हाय का ती?"

"मुलामा असेल, आई."

"मग एवढी घालून कशाला हिंडतोस? चोर न्हाईत व्हय तिकडं?" मग त्यांना मागे मी दिसले. "ती पोरगी कोण रं? फोन दे तिला."

फोन हातात येताच त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, खरं सांग. ह्यो खरंच म्हापौर झालाय, का मला बरं वाटावं म्हणून सांगतोय?"

"खरंच झालेत, आजी."

"ते झालं गं. पण गाव ह्याला आपला म्हणतं का?"

मी म्हणाले, "बघून सांगते." काका गटाराच्या जाळीकडे बघत उभे होते. त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटलं. आता तसं वाटत नाही.

त्यानंतर दर फोनला आजी विचारत, "बघितलंस का गं?" आणि मी सांगे, "बघतेय, आजी." खोटं बोलवत नव्हतं. खरं काय ते मला माहीत नव्हतं. काकांची स्वतःची मुलं आजीचं मराठी समजून घेत, पण उत्तर अस्सल आयरिश उच्चारातल्या इंग्रजीत देत. त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला राहिला.

पुढच्या वसंतात आजी करोनाने गेल्या. जाण्याचा मार्ग नव्हता. काकांनी सगळं फोनवर पाहिलं. संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले. टोपी डोक्यावरच होती. "मी काही मागायला..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "आई गेली. कुणाला तरी मराठीत सांगावंसं वाटलं."

मी पायरी उतरून खाली आले. अंतर ठेवून उभी राहिले.

"इथे कुणाला बोलू नकोस, बाळा. म्हणतील, आता आईच्या नावावर मतं मागतोय."

मी मान डोलावली आणि शब्द पाळणारही होते. पण दोनच दिवसांनी ब्रीडाबाई खिडकीतून वळल्या. "युअर मॅन काल मयताला नव्हता. पहिल्यांदाच. आता कसली मतं जमवतोय कुठे?"

मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं.

त्यांनी पडदा ओढून घेतला. मग किटली लावली. "आणि सांगितलं नाही कुणाला?"

"लोक म्हणतील मतांसाठी करतोय, म्हणून."

"म्हणालेच असते," ब्रीडाबाई म्हणाल्या. "पहिली मीच म्हणाले असते." त्यांनी दोन कप काढायला प्रेस उघडलं, प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट, आणि कप न काढताच ते बंद केलं. "आईचं नाव काय होतं? सावकाश सांग. हिज्जे सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर एका अवघड नावाशी निवेदिका जरा अडखळली. इचलकरंजी, इंडिया. आमच्या महापौरांच्या मातोश्री. ज्यांना मान द्यायचा आहे त्यांनी अकराला महापौरांच्या घरापुढच्या रस्त्यावर उभं राहावं.

मी ब्रीडाबाईंबरोबर गेले. बाई चालता चालता बजावत होत्या, "याचा अर्थ मी त्याला मत देणार असा नाही हं." मला धाकधूक होती. चार माणसं आली तर ते न आल्यापेक्षा वाईट दिसेल. कोपऱ्यावरून वळलो आणि मी थबकले. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, अंतर ठेवून, पार नदीच्या पुलापर्यंत. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा माणूस, औषधांच्या दुकानातली मुलगी, काठी टेकत आलेले म्हातारे. ज्यांना हॉर्न आठवत असेल तेही असणार. ब्रीडाबाई रांगेत शिरल्या आणि त्यांनी हात समोर बांधले. कुणी बोलत नव्हतं. मधला रस्ता मोकळा होता. त्यावरून येणार काहीच नव्हतं.

त्या सकाळी काकांनी रेडिओ लावला नसावा. ते कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आले. रांग दिसली. त्यांनी घाईघाईने डबा बाजूला केला, टोपी काढून छातीशी धरली आणि फाटकाबाहेर येऊन माझ्या शेजारी, अंतर ठेवून, सगळ्यांसारखेच उभे राहिले. पुलाच्या दिशेने शववाहिनी दिसते का ते पाहू लागले.

बराच वेळ काही येईना, तेव्हा माझ्याकडे किंचित झुकून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"